फर्स्ट कॉपीच्या डायलवरचे ३०० मीटर

मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रोलेक्स सबमरिनरबद्दल दोन मते ऐकू येतात. एक, नक्कल म्हणजे कचरा. दुसरे, हल्लीची नक्कल अस्सलच्या तोडीची असते. पहिले मत आता टिकत नाही. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी पोलाद कातण्याचे काम इतके सुधारले आहे की वरच्या दर्जाच्या नकलेत केसच्या कडा स्वच्छ असतात, काच खऱ्या सफायरची असते, काचेभोवतीचे फिरते बेझेल सिरॅमिकचे असते आणि अस्सलसारखेच एका फेरीत १२० वेळा टिकटिकते. पोलादाचा वाद तर अस्सलवाले उगाच ताणतात. रोलेक्स ९०४एल वापरते, पण बहुतेक स्विस कंपन्या ३१६एल वापरतात आणि मनगटावरच्या घड्याळाला तेही भरपूर पुरते. म्हणजे नजरेला आणि बोटांना जेवढे कळते, त्यात नक्कल बऱ्यापैकी पास होते.

अडचण अशी, की ज्या गोष्टी फोटोत दिसतात त्यांवरच नकलेचा खर्च होतो. डायव्हिंगचे घड्याळ मात्र न दिसणाऱ्या गोष्टींवर उभे असते. १९५३ साली ब्लाँपाँची फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सची सबमरिनर आली ती पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी. दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. ३०० मीटरवर ३० मिलिमीटर व्यासाच्या काचेवर दोनशे किलोहून जास्त भार येतो. तो भार पेलून पाणी बाहेर ठेवणारे भाग कोणते? चावीतले आणि मागच्या झाकणाखालचे रबरी वायसर, चावीची नळी, झाकणाचे आटे. यांची किंमत किरकोळ, पण माप केसाएवढे चुकले तरी घड्याळ गेले. म्हणूनच डायव्हिंगच्या घड्याळांसाठीचे आयएसओ ६४२५ हे मानक नमुन्यादाखल दोनचार घड्याळे तपासून थांबत नाही. प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली जावे लागते. ३०० लिहायचे तर ३७५ मीटरइतका दाब. शिवाय घड्याळ गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि आतून धुके धरते का ते पाहतात. नकलेच्या डायलवर ३०० मीटर छापलेले असते ते फक्त मुळाबरहुकूम. त्या आकड्यामागे चाचणीचा कागद नसतो. हेलियमची झडप असलेल्या घड्याळांच्या नकलांत हे सर्वांत उघड दिसते. दाबाच्या कोठीत दिवसचे दिवस राहणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळात तिथल्या हवेतला हेलियम शिरतो, आणि वर येताना तो बाहेर पडला नाही तर काच उडू शकते. त्यासाठीची ही झडप बऱ्याच नकलांत नुसती शोभेची असते.

आतल्या यंत्राचे प्रकरण जरा वेगळे आहे. यंत्राची रचना उचलणे मुळात वाईट नव्हे. ईटीए कंपनीच्या २८२४ या यंत्राच्या आराखड्यावर बेतलेले सेलिटा कंपनीचे एसडब्ल्यू२०० कायदेशीर आहे, चांगले चालते आणि सुटे भाग सहज मिळतात. नक्कल करणाऱ्याला मात्र यंत्र चालवण्याबरोबर ते रोलेक्ससारखे दाखवायचेही असते. त्यासाठी साध्या यंत्रावर दिखाऊ पट्ट्या चढवतात, नाहीतर रोलेक्सच्या यंत्राचीच अख्खी नक्कल उतरवतात. दुकानातल्या टायमिंग मशीनवर असे यंत्र दिवसाला चारपाच सेकंदांच्या फरकाने चालताना दिसेलही. पण तो त्या दिवसाचा आणि त्या एका नगाचा आकडा झाला. तेल कसे घातले, पुढचा नग तसाच निघेल का, चाक झिजल्यावर बदली चाक कुठून आणायचे, याचे उत्तर मशीन देत नाही आणि विक्रेत्याकडेही नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ३०० मीटर खाली जातो कोण? खरेच जवळजवळ कोणी जात नाही. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर मानतात, तारकर्लीला पर्यटक जातात ते त्याच्याही बरेच वर, आणि हल्ली पाण्याखालचा हिशेब मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर ठेवतो. अस्सल सबमरिनरही बहुतांशी मिरवण्यासाठीच विकली जाते आणि तिच्या किमतीतला मोठा वाटा नावाचा असतो, हे कबूल करायला हवे. पण यातून नक्कल निर्दोष ठरत नाही. पाणी शिरायला समुद्र लागत नाही; कोकणातली दमट हवा, घाम आणि नळाखालचा हात पुरतो. कुकरची रिंग जशी कडक होते तसा वायसरही होतो, आणि मग नेमक्या मापाचा दुसरा शोधावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घड्याळजीकडून दाबाची चाचणी करून घेतली की झाले! जरूर करावी, आणि एखादी नक्कल त्यात उत्तीर्णही होईल. पण मग कारखान्याचे काम गिऱ्हाइकाने स्वतःच्या खर्चाने केले, आणि अनुत्तीर्ण झाली तर दाद मागायला जागा नाही. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ प्रमाणे असा माल विकणे हा सहा महिने ते तीन वर्षे कैदेचा गुन्हा आहे, त्यामुळे वॉरंटीचे कार्ड मिळाले तर तेही नकलीच असणार.

उरतो किमतीचा मुद्दा, आणि माझ्या मते नक्कल इथेच सर्वांत जास्त हरते. वरच्या दर्जाची नक्कल स्वस्त नसते. तेवढ्याच पैशांत, कधी कमीतही, सिटिझन प्रोमास्टर मिळते. तिच्यावर रोलेक्सचा मुकुट नसतो, पण ‘डायव्हर्स २०० मी’ हे मात्र २५० मीटरच्या दाबाची चाचणी दिल्यावरच लिहिलेले असते.