लुटीचे गलबत पहारेकरी झाले तेव्हा

नेपोलियनच्या काळात हिंदी महासागरात इंग्रज आणि फ्रेंच झुंजले. त्या झुंजीच्या वर्णनांत मोठ्या फ्रिगेटींची नावे ठळक असतात. मला मात्र ते युद्ध नीट कळते 18 तोफांच्या एका लहान जहाजावरून. ‘रेव्हेनां’, मग ‘येना’, मग ‘व्हिक्टर’ अशी त्याची नावे बदलत गेली.

सां मालोच्या रोबेर सुर्कूफने ते स्वतःच्या बेताने बांधून घेतले. सरकारी परवान्यावर शत्रूची व्यापारी जहाजे धरायची, हा त्याचा धंदा. त्यासाठी हवा होता वेग, आणि तो या जहाजात भरपूर होता. 1807 च्या मार्चमध्ये ते निघाले आणि जूनमध्ये इल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, पोहोचले. त्यानंतर हुगळीच्या मुखाबाहेर त्याने तांदळाने भरलेली जहाजे एकामागून एक पकडली. ही लूट नुसत्या पैशाची नव्हती. इंग्रजांच्या नाकेबंदीत अडकलेल्या त्या बेटाला बंगालचा तांदूळ म्हणजे जगण्याचा आधार होता. इकडे कलकत्त्याचे व्यापारी आपल्याच नौदलाच्या नावाने ओरडू लागले.

1808 मध्ये बेटाचा फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने जहाज सरकारजमा केले, नाव ठेवले ‘येना’. पण 8 ऑक्टोबरला ‘मॉडेस्ट’ या इंग्रज फ्रिगेटीने त्याला गाठले. ही ‘मॉडेस्ट’सुद्धा 1793 मध्ये फ्रेंचांकडूनच हिसकावलेली, आणि तिचा कप्तान जॉर्ज एलियट हा हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल मिंटो यांचा मुलगा. इंग्रजांनी आपल्या कैद्याला ‘व्हिक्टर’ नावाने नौदलात घेतले. अशा लढाऊ स्लूपचे, म्हणजे लहान युद्धनौकेचे, नेहमीचे काम म्हणजे व्यापारी ताफ्यांना सोबत करणे आणि किनाऱ्यावर पहारा देणे. ज्या वेगाने तांदळाची जहाजे धरली, तोच वेग आता ती वाचवण्याच्या कामाचा होता. जहाज कुठल्या बाजूचे हे त्याच्या लाकडावरून ठरत नाही. शिडावर हुकूम कोणाचा चालतो, यावरून ठरते.

ही नोकरी फार टिकली नाही. 2 नोव्हेंबर 1809 ला ‘बेलोन’ या फ्रेंच फ्रिगेटीने ‘व्हिक्टर’ जिंकले. फ्रेंचांनी नाव तेच ठेवले. 1810 च्या जुलैमध्ये ते ‘बेलोन’ आणि ‘मिनर्व्ह’ यांच्याबरोबर होते, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची ‘विंडहॅम’ आणि ‘सिलोन’ ही जहाजे पकडली गेली.

सर्वांत कठीण प्रसंग 20 ऑगस्टला इल द फ्रान्सच्याच ग्रां पोर्ट या खाडीच्या तोंडाशी आला. खाडीच्या वाटेवरचा छोटा किल्ला इंग्रजांनी आधीच घेतला होता, पण वर फ्रेंच निशाण तसेच ठेवले होते. ‘व्हिक्टर’ पुढे होते. ते विश्वासाने आत शिरले. अचानक तोफा सुटल्या आणि त्याने शरण जात निशाण उतरवले. मागून ‘मिनर्व्ह’ तोफांच्या माऱ्यातून आत घुसली आणि तिच्या हुकमावरून ‘व्हिक्टर’ने निशाण पुन्हा चढवून तिची वाट धरली. पुढच्या लढाईत इंग्रजांना दोन फ्रिगेटी स्वतःच्या हाताने जाळाव्या लागल्या, उरलेल्या दोन फ्रेंचांच्या हाती गेल्या. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला नेपोलियनच्या काळातला हा एकमेव नाविक विजय आहे.

डिसेंबरात बेटच इंग्रजांच्या हाती गेले, आणि त्याबरोबर ‘व्हिक्टर’ही. 1814 मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानाचे एक नवे 18 तोफांचे जहाज ब्रिटिश नौदलासाठी पाण्यात उतरले. त्याचेही नाव ‘व्हिक्टर’. 1842 मध्ये ते अटलांटिकमध्ये बुडाले.