सीबीसीच्या रिपोर्टवरून ‘किती दिवस’ हे कळतं का?

स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरलाय असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता किती दिवस?’ हल्ली याचं उत्तर मोबाईलवर शोधलं जातं आणि तिथे एक सोपा हिशेब सापडतो: सीबीसीमधले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. सीबीसी आपल्या अंबडमध्येही होते, आणि भागाकार तर सहावीतलं पोरही करतं. पण त्या उत्तराच्या भरवशावर अम्मीचा इलाज थांबवायचा विचार कुणी करत असेल, तर आधी हा आकडा समजून घ्यायला हवा.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन्ही पांढऱ्या पेशी. शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की न्यूट्रोफिल वाढतात. कॅन्सरच्या पेशींना ओळखून मारण्याचं काम मुख्यतः काही लिम्फोसाइट करतात. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील तर गुणोत्तर २. तेच ८४ आणि १२ झाले तर ७. आकडा मोठा म्हणजे सूज जास्त, लढणारे कमी. मेंदूत पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या काही अभ्यासांत, ज्यांचा आकडा मोठा होता त्या गटातल्या बाया सरासरीने कमी जगल्या, असं दिसलंय. इथपर्यंत गोष्ट खरी आहे.

पण गटाची गोष्ट वेगळी, एका बाईची वेगळी. वर्गाची सरासरी ६० आली म्हणून प्रत्येक मुलाला ६० मार्क पडत नाहीत. शिवाय ‘मोठा आकडा’ कुठून धरायचा, हेच प्रत्येक अभ्यासात वेगळं आहे.

त्याहून मोठी अडचण औषधांची. मेंदूतली सूज उतरवायला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्याने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणजे औषध चांगलं काम करत असतानाच हा आकडा ‘खराब’ दिसू शकतो! उलट केमोनंतर न्यूट्रोफिल खाली येतात, तेव्हा तोच आकडा उगाच ‘छान’ दिसतो. केमोनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं की परत वर. साधा न्यूमोनिया झाला तरी हिशेब बिघडतो. मेंदूतला कॅन्सर जिथल्या तिथेच असतो.

मग डॉक्टर अंदाज कशावरून बांधतात? रुग्णाचं वय, ती स्वतःची कामं स्वतः करू शकते का, मेंदूत गाठी किती, मेंदूबाहेर कॅन्सर आहे का, आणि कॅन्सरचा प्रकार कोणता. अमेरिकेत यावर गुण देण्याची एक पद्धत केलीय. २०२० साली छापलेल्या तिच्या आकड्यांत सर्वांत कमी गुणांच्या गटातल्या निम्म्या रुग्ण सुमारे ६ महिन्यांपेक्षा जास्त जगल्या, सर्वांत जास्त गुणांच्या गटातल्या निम्म्या सुमारे ३६ महिन्यांपेक्षा जास्त. केवढा फरक! आणि स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या या गुणांत सीबीसी धरलेलीच नाही.

प्रकाराचं महत्त्व यासाठी की ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असेल तर मेंदूतल्या गाठींवरही असर करणारी औषधं आता आहेत. ट्रिपल निगेटिव्हमध्ये मार्ग कमी आहेत, तरी गाठी मोजक्या असतील तर ऑपरेशन किंवा नेमक्या गाठीवरच दिलेलं रेडिएशन करता येतं.

सीबीसी निरुपयोगी नाही हं. केमो द्यायची की थांबायचं, रक्त चढवायचं का, हे तिच्यावरूनच ठरतं.

स्तनाच्या कॅन्सरचा इलाज झालेल्या बाईला सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होत असेल, झटका आला, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर सीबीसीची वाट पाहू नका. नजर लागली म्हणून उतारा करत दिवसही घालवू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. यात मेंदूचा एमआरआय लागतो. आपल्याला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. फाईलमध्ये बायोप्सीचा तो जुना कागद जरूर असू द्या, ज्यावर ईआर, पीआर आणि हर-टू लिहिलेलं असतं. डॉक्टर आधी तोच मागतील.