खाणीच्या पोटातील रेडिओ तरंग

हैदराबाद शहरात मलकपेठ येथे रेल्वेमार्गाखालून रस्ता जातो. अशा पुलाखालून जाताना मोटारीतील रेडिओवर मध्यम तरंगांवरील आकाशवाणी लावलेली असेल, तर आवाज क्षणभर मंदावतो आणि पूल मागे पडताच पूर्ववत होतो. हा रेडिओ संचाचा दोष नव्हे. मध्यम तरंगांची लांबी शेकडो मीटर असते; लोखंड व काँक्रीट यांनी वेढलेल्या काही मीटरांच्या पोकळीत ते फारसे शिरू शकत नाहीत. शिक्षकांना हाच प्रयोग वर्गात ट्रान्झिस्टर पत्र्याच्या डब्यात ठेवून, झाकण लावून दाखविता येईल.

पुलाखाली ही गैरसोय क्षणाची असते. सिंगरेणीच्या अथवा वर्धा खोऱ्यातील भूमिगत कोळसा खाणींत मात्र तिचा संबंध कामगाराच्या प्राणाशी येतो.

कोळसा व खडक हे रेडिओ तरंग शोषून घेतात. म्हणून तरंगाला भुयारी वाटेच्या पोकळीतूनच पुढे जावे लागते, आणि त्यासाठी तो त्या वाटेत मावला पाहिजे. वाट ४.८ मीटर रुंद असेल, तर तरंगाची लांबी तिच्या दुपटीहून, म्हणजे ९.६ मीटरहून, कमी हवी. याचाच अर्थ कंप्रता सुमारे ३१ मेगाहर्ट्झच्या वर असली पाहिजे. तथापि तेवढ्याने भागत नाही. तरंग जसजसा आखूड होतो तसतसा तो भिंतींना अधिक तिरपा, केवळ घासून जातो आणि परावर्तित होत पुढे सरकतो. तळ्याच्या पाण्यावर आडवी भिरकावलेली चपटी खापरी बुडण्याऐवजी टप्पे घेत जाते, तसाच हा प्रकार. १९७५ साली एम्स्ली, लॅगेस व स्ट्राँग या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, सुमारे चौदा फूट रुंद व सात फूट उंच अशा वाटेत ४०० ते १००० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील तरंग सर्वांत दूर पोहोचतात. त्याहून आखूड तरंगांना भिंतींचा खडबडीतपणा बाधतो.

परंतु खाण म्हणजे सरळ नळी नव्हे. छताला आधार म्हणून कोळशाचे खांब राखीत काम चालते, त्यामुळे वाटा एकमेकींना काटकोनात छेदतात. एका वळणानंतर संदेशाच्या शक्तीचा कित्येकदा हजारावा भागही उरत नाही. प्रक्षेपकाची शक्ती वाढवावी असे सहज सुचते. पण मिथेन वायूच्या सान्निध्यात विद्युत उपकरणाची ठिणगी स्फोटास कारण होऊ शकते, म्हणून तेथील उपकरणांची शक्ती मर्यादितच ठेवावी लागते.

यावर काढलेला उपाय मोठा चतुर आहे. ‘लीकी फीडर’ नावाच्या केबलच्या बाह्य आवरणात मुद्दाम फटी ठेवतात. त्यांतून तरंग वाटेत झिरपतो, आणि कामगाराच्या हातातील संचाचा तरंगही त्याच मार्गाने केबलमध्ये परततो. केबल वळणावर वळविली की आवाजही वळतो. ठराविक अंतरावर प्रवर्धक बसवून क्षीण झालेला संदेश सशक्त करतात.

मात्र छत कोसळले की केबलही तुटू शकते. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील सागो खाणीत स्फोटानंतर तेरा कामगार अडकले. त्यांचा बाहेरच्यांशी संपर्क होऊ शकला नाही. छताच्या खिळ्यावर घणाचे घाव घालून त्यांनी खुणा केल्या, परंतु त्या वर ऐकू आल्या नाहीत. एकच कामगार वाचला. त्याच वर्षी तेथे कायदा होऊन खाणीत बिनतारी संपर्काची व कामगारांच्या स्थाननिश्चितीची व्यवस्था सक्तीची झाली.

थेट खडकातून संदेश नेण्यासाठी नेमकी उलट वाट धरावी लागते, म्हणजे कंप्रता अतिशय कमी ठेवावी लागते. काही हजार हर्ट्झचा तरंग ओलसर खडकातही शंभर मीटरच्या आसपास टिकू शकतो. त्यासाठी तारेचे मोठे वेटोळे पसरावे लागते आणि दूरध्वनीसारखे मोकळे संभाषण त्यावर कठीण असते. तथापि ‘आम्ही अमुक ठिकाणी आहोत, इतकेजण जिवंत आहोत’ एवढा त्रोटक संदेश त्यातून जाऊ शकतो, आणि भोक कोठे पाडावे हे ठरविण्यास वर उभ्या असलेल्या बचाव पथकाला तेवढेच हवे असते.