शून्य दशांश एक

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकूवर नावाचे मोठे बेट आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया ती ह्याच बेटावर. तेथील रिफ्रॅक्शन्स रिसर्च ह्या लहानशा कंपनीने ३१ मे २००१ रोजी पोस्टजीआयएस नावाचे एक संगणकी साधन जगापुढे ठेवले. त्यावर आवृत्तीचा अंक घातला होता ०.१. म्हणजे ज्यांनी ते केले त्यांच्याच मते ते अजून एकालाही पोहोचलेले नव्हते.

संगीत शिकविणाऱ्याने ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझा एक जुना विद्यार्थी नकाशांच्या संगणकी कामात आहे. तो ह्या साधनाविषयी सांगू लागला की, फुकट तर आहेच, शिवाय त्याचे आतले सगळे लेखन उघडे आहे. कोणीही वाचावे, कोणीही बदलावे. आमचे वडील दरबारचे गवई. अस्ताई सर्वांपुढे गावी आणि अंतरा घरच्यापुरता ठेवावा, ही त्या पिढीतील कित्येकांची रीत मी जवळून पाहिली आहे. तेव्हा 'उघडे' ह्या शब्दाने माझे कान टवकारले, ह्यात नवल नाही.

ह्या कंपनीचा धंदा सरकारी नकाशांची कामे करून देण्याचा. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रांत सरकारसाठी पाणलोट क्षेत्रांचा एक नकाशासंग्रह करावयाचा होता. पर्यावरणविषयक माहितीचे डझनावारी नकाशे घ्यावयाचे, प्रत्येक पाणलोटाच्या सीमेवर ते कापावयाचे, आणि एकेका पाणलोटाचा तक्ता आणि नकाशा तयार करावयाचा. त्या वेळच्या यंत्रांना हे ओझे एकट्याने पेलणारे नव्हते, म्हणून अनेक यंत्रे एकदम जुंपली गेली. कोणते काम कोठवर आले ह्याची नोंद आणि कापून झालेले तुकडे ठेवण्यासाठी त्यांनी पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस, म्हणजे माहितीचे कोठार, वापरला. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात १९८६ च्या सुमारास मायकेल स्टोनब्रेकर यांनी त्याचा पाया घातला होता. त्याचा मोठा गुण असा, की त्यात बाहेरच्या माणसाला नव्या जातीची माहिती आणि नव्या क्रिया जोडता येतात. तुकडे कोठारात येऊन पडलेच आहेत, तर कापणे-मोजणेही तेथल्या तेथेच का होऊ नये, असे त्या मंडळींच्या मनात आले. पोस्टजीआयएसचे बीज ते हेच.

आता स्थळाचा शोध म्हणजे काय, ते आपल्या गावावर घेऊन पाहू. मांडवीपासून अर्ध्या मैलाच्या आत कोणकोणते दवाखाने आहेत, हा प्रश्न साधा दिसतो. परंतु नावांची यादी अकारविल्हे लावता येते. जागांना तसा एकच एक क्रम नसतो. प्रत्येक दवाखान्याचे अंतर मोजत बसावे तर सारा प्रांत मोजावा लागेल. ह्यावर अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली एक युक्ती मांडली. प्रत्येक आकृतीभोवती एक चौकट काढावयाची. जवळजवळच्या चौकटी मोठ्या चौकटीत, त्या आणखी मोठ्या चौकटीत. शोधताना वरून खाली यावयाचे, आणि ज्या चौकटीचा आपल्याशी संबंध नाही ती तिच्या पोटातल्या सर्वांसह सोडून द्यावयाची.

पण चौकट म्हणजे आकृती नव्हे. विश्वामित्रीचेच पाहा. ती शहरातून अशी वळणे घेत जाते, की तिच्याभोवती चौकट काढली तर तिच्यात कोरड्या जमिनीवरची हजारो घरे येतील. म्हणून दुसरी चाळणी लागते, आणि ती खरोखरीच्या मोजणीची. आमच्याकडेही असेच चालते. कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य एवढे सांगितले की मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिन्ही राग एकाच चौकटीत सापडतात. निवाडा व्हावयाचा तो चलनावर. पहिल्या चाळणीने चार नको ते आत येऊ दिले तरी चालेल, हवे ते एकही बाहेर ठेवता कामा नये. सगळी मेख येथे आहे.

पोस्टग्रेसमध्ये गटमनच्या पद्धतीची एक सूची आधीपासून होती. मग तीच का घेतली नाही? एक तर आठ किलोबाइटांपेक्षा मोठी आकृती आली की ती कोलमडे. एका बिंदूला सोळा बाइट धरले तरी पाचशेच्या आसपास बिंदूंत ही मर्यादा संपते. आणि ब्रिटिश कोलंबियाचा खाड्याखाड्यांनी फाटलेला किनारा पाचशे बिंदूंत बसविणे म्हणजे बडा ख्याल चार मात्रांत बसविण्यासारखे. शिवाय रिकाम्या रकान्यांशी तिचे जमत नसे. म्हणून हेलरस्टाइन, नॉटन आणि फेफर यांनी १९९५ साली मांडलेला गिस्ट नावाचा अधिक लवचिक साचा निवडला गेला. त्यात सूचीत फक्त चौकट ठेवता येते, मूळ आकृती कितीही मोठी असो. योगही चांगला जुळला: पोस्टग्रेसच्या एप्रिल २००१ मधील ७.१ आवृत्तीने कोठारातील एका ओळीवरची आठ किलोबाइटांची मर्यादा काढून टाकली, आणि दीड-दोन महिन्यांत पोस्टजीआयएस बाहेर पडले.

डेव्ह ब्लॅस्बी यांनी आतील आकृतींचे प्रकार आणि सूचीची जोडणी लिहिली. जेफ लाउन्सबरी यांनी प्रचलित नकाशांच्या फायली कोठारात भरण्याचे साधन मुळात रचले. पॉल रॅमसे यांच्याकडे जावा भाषेचा जोड, माहितीपुस्तक आणि बांधणी ही कामे होती. शेवटच्या दोन कामांना कोणी टाळ्या देत नाही. पण आजवर जे चार जण एका खोलीत बसून तोंडी सांगत-विचारत होते, ते आता कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी लिहावयाचे, हे फार अवघड. मौलाबक्षांनी १८८६ साली आपल्या बडोद्यात गायनशाळा काढली आणि चीजा स्वरलिपीत उतरविल्या. पुढे १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही येथेच भरली आणि भातखंडे यांची क्रमिक पुस्तके मराठीतून घरोघर गेली. त्या पुस्तकांवर नाके मुरडणारे उस्ताद काही अगदीच चूक नव्हते. कागदावरून मींड शिकता येत नाही. तरीही दूरच्या गावातल्या पोराला निदान अस्ताई-अंतरा तरी पुरा मिळाला.

मला खरे धैर्य दिसते ते दुसऱ्याच गोष्टीत. ज्या कामाच्या हौसेने हा उद्योग आरंभिला, ते काम ०.१ ला येतच नव्हते. आकृती ठेवता येत, शोधता येत, थोड्या क्रिया होत्या. परंतु एक नकाशा दुसऱ्यावर ठेवून कापणे नव्हे. ती विद्या २००३ साली ०.८ आवृत्तीत आली, तीही जीऑस ह्या दुसऱ्या ग्रंथालयाच्या आधाराने. त्या ग्रंथालयाचे मूळ म्हणजे मार्टिन डेव्हिस यांचे जेटीएस, आणि तेही व्हिक्टोरियातलेच. तोवर थांबले असते तर कोणी दोष दिला नसता. उलट त्यांनी अपुरे होते तेच दिले, आणि परवाना असा लावला की ज्याने त्यात बदल करून पुढे वाटावे, त्याने आपले लेखनही तसेच उघडे करावे. अंतरा झाकण्याची सोयच ठेवली नाही.

फळ लवकर आले. त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून निघालेल्या मॅपसर्व्हर ह्या नकाशे दाखविणाऱ्या साधनाशी त्याची जोडणी झाली, आणि कोठारातले आकडे लोकांना डोळ्यांनी दिसू लागले. किंमतही मोजावी लागलीच. एप्रिल २००५ मध्ये १.० निघाली तेव्हा आकृती ठेवण्याची आतील रीतच बदलली होती. जुन्या वापरणारांना सारी माहिती बाहेर काढून पुन्हा भरावी लागली. मोठ्या कोठारवाल्यांच्या त्या रात्री कशा गेल्या असतील, ह्याची कल्पना केलेली बरी.

२००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप ह्या सार्वजनिक नकाशाची नेहमीची चित्रे आज पोस्टजीआयएसच्याच कोठारातून रेखली जातात. त्यात आपली मांडवी आहे, सूरसागर आहे, विश्वामित्रीची सगळी वळणे आहेत. एखाद्या गल्लीचे नाव चुकलेले दिसले, तर नाव नोंदवून ते कोणालाही दुरुस्त करता येते. जुन्या पेठांतील ज्या मंडळींना पोळांची आणि वाड्यांची मूळ नावे पाठ आहेत, त्यांनी नातवंडांना शेजारी बसवून एखादी दुपार ह्या कामी घालवावी.