सुईचे टोक आणि शेवटचा हात

काही वर्षांपूर्वी आई आजारी असताना उपनगरातल्या एका रुग्णालयात मी अकरा रात्री काढल्या. खाटेशेजारी बसून पाहत राहण्याखेरीज मला काम नव्हते. एका पहाटे वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी कचऱ्याच्या पिशवीचे तोंड आवळले आणि ‘आई गं’ म्हणून हात मागे घेतला. साध्या कचऱ्यात कुणीतरी वापरलेली सुई टाकली होती. मावशींनी बोट नळाखाली धरले, दाबून दाबून रक्त काढले आणि पुन्हा झाडू उचलला.

‘सिस्टरना सांगा ना,’ मी म्हणालो.

‘सांगून काय होणार दादा? मी कंत्राटावर. उद्यापासून येऊ नको म्हटलं तर?’

मी डॉक्टर नाही. मुलुंडला राहतो, निम्मे आयुष्य दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेले. पण त्या बोटाने माझा पिच्छा सोडला नाही. ग्रंथालये, राजपत्रे, नियमावल्या असे जे हाती लागेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून जे उमगले ते इथे मांडतो आहे.

रुग्णालयातल्या संसर्गाचा इतिहास बहुतेक जण व्हिएन्नापासून, इग्नाझ सेमेलवाइसपासून सुरू करतात. तिथल्या प्रसूतिगृहात डॉक्टरांच्या विभागातल्या बाळंतिणी तापाने दगावत. शेजारच्या, सुइणींच्या विभागात मृत्यू बरेच कमी. कारण कुणालाच सापडत नव्हते. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइसचा मित्र, प्राध्यापक याकोब कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून दगावला. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, ही लक्षणे त्या बाळंतिणींचीच आहेत. डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतीला येत आणि हातांवरून मृत्यू घेऊन येत. मे महिन्यापासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरात सुमारे अठरा बाळंतिणी दगावत होत्या, उन्हाळ्यात हे प्रमाण दोनाच्या आसपास आले.

ही गोष्ट हात धुण्याची म्हणून सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हे कोडे सुटले ते एका बोटाला झालेल्या जखमेची नोंद झाली म्हणून; आणि नोंद झाली, कारण ते बोट प्राध्यापकाचे होते.

आज सुई टोचल्यावर काय होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला नेमके माहीत आहे. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्या माणसाने लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता शंभरात सहा ते तीस. एचआयव्हीची हजारात तीन. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. म्हणजे परवाची सुई आज ‘जुनी’ झालेली नसते.

उपायही ठाऊक आहेत. जखम साबण आणि पाण्याने धुवायची. दाबायची नाही, बोट तोंडात घालायचे नाही. दाबल्याने विषाणू बाहेर येत नाहीत, उलट तिथल्या पेशी दुखावतात. मग लगेच कळवायचे. एचआयव्ही रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर बहात्तर तासांत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीसाठी तर लसच आहे. मावशींनी त्या पहाटे बोट दाबले आणि कुणाला सांगितले नाही. दोन्ही गोष्टी उलट झाल्या. त्यांना कुणी शिकवले असेल असे मला वाटत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम सांगतात की, सुया न टोचणाऱ्या, न गळणाऱ्या पांढऱ्या डब्यातच जाव्यात. पिवळा, लाल, निळा रंग इतर कचऱ्यासाठी. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, त्यांची कामावर घेताना आणि पुढे वर्षातून एकदा तरी आरोग्यतपासणी करावी. ‘प्रत्येकाला’ या शब्दात कंत्राटी कामगारही आला.

पण त्याच नियमांतली एक व्याख्या मी तीनदा वाचली. ‘मोठा अपघात’ म्हणजे काय, हे सांगताना कचऱ्याचा ट्रक उलटणे त्यात धरले आहे आणि सुई टोचणे स्पष्टपणे वगळले आहे. मोठा अपघात झाला तर लगेच कळवायचे. बाकीचे वार्षिक अहवालात. जनतेच्या दृष्टीने ही वाटणी समजण्यासारखी आहे. पण अहवालात आकडा येण्यासाठी आधी वॉर्डातल्या वहीत ओळ पडावी लागते. हिपॅटायटिस बीची लक्षणे दिसायला एक ते सहा महिने लागतात. तोवर कंत्राटदार बदललेला असू शकतो. नोंद नसेल तर या कावीळीचा त्या सुईशी संबंध जोडणार कोण?

२०२० साली आपण वेगळे चित्र पाहिले. मरोळचे सेव्हनहिल्स, गोरेगावचे नेस्को, मुलुंडचे जम्बो केंद्र, सगळीकडे डॉक्टरांसारखेच मामा-मावशीही त्या पांढऱ्या पोशाखात दिसू लागले. पोशाख घालण्यापेक्षा उतरवताना धोका अधिक, टप्प्याटप्प्याला हात निर्जंतुक करायचे, हे तेव्हा शिकवले गेले. कारण सरळ होते. एकाचा श्वास दुसऱ्यापर्यंत पोहोचत होता, भीती सर्वांची होती. सुईची भीती मात्र ज्याच्या हातात पिशवी, त्याच्यापुरतीच राहते.

आणि त्या हातानंतरही हात असतात. मुंबईतल्या रुग्णालयांचा हा कचरा अनेक वर्षे गोवंडीच्या प्रक्रिया केंद्रात जात आला. तिथल्या रहिवाशांनी धुराविरुद्ध दाद मागितली आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्र दोन वर्षांत हलवण्यास सांगितले. त्या धुराची दखल घ्यायला न्यायालय होते. वाटेत पिशव्या उचलणाऱ्याच्या बोटाची दखल पहिल्यांदा वॉर्डातच घ्यावी लागते.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. सुईला टोपण परत बसवू नये, ज्याने सुई वापरली त्यानेच ती तिथल्या तिथे डब्यात टाकावी, डबा पाऊण भरला की बंद करावा, मावशींना जाड हातमोजे आणि लसीचे तीन डोस मिळावेत, आणि टोचल्याचे सांगणाऱ्याची नोकरी जाऊ नये. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. तरी तीच सर्वांत अवघड दिसते.

आई बरी होऊन घरी आली. मावशींचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. त्या पहाटेची नोंद माझ्या वहीत आहे : तारीख, वेळ, उजव्या हाताची तर्जनी. ती वॉर्डाच्या वहीत असायला हवी होती.