169 मिलिमीटरचा हट्ट

पोर्शेच्या कॅरेरा जीटीचा क्लच व्यासाला 169 मिलिमीटर, पोह्यांच्या बशीएवढा. 2003 साली लाइपझिगला या गाडीचं उत्पादन सुरू झालं. तिच्या 5.7 लिटर व्ही-10 इंजिनाचा 590 न्यूटन-मीटर टॉर्क या बशीतूनच चाकांकडे जातो.

क्लच किती टॉर्क पेलेल, हा चार गोष्टींचा गुणाकार आहे: घर्षणगुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणारे पृष्ठभाग. दाब वाढवला तर पेडल जड होतं, ट्रॅफिकमध्ये पोटरी भरून येते. त्रिज्या वाढवली तर जडत्व तिच्या चौथ्या घाताने वाढतं. जाडी तीच असली तरी 240 मिलिमीटरच्या चकतीचं जडत्व 169च्या चौपट भरतं. शिवाय क्लच मोठा म्हणजे इंजिनही वर उचलून बसवायचं. वेगवान गाडीला हे परवडत नाही. मग उरतं ते मटेरियल.

रोजच्या गाडीचं लायनिंग तंतू आणि राळ यांचं. तंतू एकेकाळी ॲस्बेस्टॉसचे असत, आता काचेचे किंवा ॲरामिडचे. राळ तापली की पकड सुटते. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरणाऱ्याच्या नाकात जातो तो जळका वास तिचाच. पण धरते मात्र अलगद, आणि दोन लायनिंगमधली लहरदार पोलादी पट्टी उरलेला धक्का गिळते. धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले सिंटर्ड तुकडे उष्णता सोसतात. धरतात मात्र खाडकन.

पोर्शेने घेतलं सिरॅमिक: कार्बन तंतूंच्या सांगाड्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवलेलं. वजनाला हलकं आणि उष्णतेला दाद न देणारं. चकत्या दोन घेतल्या, घासणारे पृष्ठभाग चार झाले, व्यास घटला आणि इंजिन खाली सरकलं.

याची किंमत डाव्या पायाने मोजायची. जड फ्लायव्हील चालकाची कच्ची कामगिरी झाकून नेतं. इथे झाकायला फिरतं वजनच नाही. सिग्नलला भल्याभल्यांची गाडी बंद पडते. यावरचा उपाय उफराटा आहे: ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही, क्लच सावकाश सोडायचा, आरपीएम इंजिनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळते. ‘थोडी रेस दे, मग क्लच सोड’ ऐकत गाडी शिकलेल्या पायांना हे पटता पटत नाही.