सीआयए ते सिनेट

एलिसा स्लॉटकिन (जन्म १९७६), मिशिगनच्या डेमोक्रॅट सिनेटर. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला तेव्हा त्या न्यूयॉर्कमध्ये शिकत होत्या. त्या हल्ल्यामुळे त्या सुरक्षा क्षेत्राकडे वळल्या. पुढे सीआयएत विश्लेषक, इराकमध्ये तीन नेमणुका, बुश आणि ओबामा या दोघांच्याही व्हाइट हाउसमध्ये काम, नंतर पेंटागॉन.

गंमत अशी की, निवडणुकीत त्यांना उतरवलं ते आरोग्यविम्याने. आईला कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा तिच्याकडे विमा नव्हता. मे २०१७ मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा मोडीत काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात संमत झालं. त्यानंतरच्या जल्लोषात स्थानिक रिपब्लिकन खासदार माइक बिशप हसताना टीव्हीवर दिसले आणि स्लॉटकिन यांचा निर्णय पक्का झाला. २०१८ मध्ये त्यांनी बिशप यांनाच हरवलं.

२०२४ च्या सिनेट लढतीत समोर होते रिपब्लिकन माइक रॉजर्स, एफबीआयचे माजी अधिकारी. म्हणजे सुरक्षेचा अनुभव दोन्हीकडे! मतदानाच्या त्याच दिवशी ट्रम्प यांनी मिशिगन जिंकलं. तरीही स्लॉटकिन अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने निवडून आल्या.